आधी मी बघून येते

आमच्या घरात कुठल्याही नव्या जागी आधी मी जाऊन येते. ही सवय बदल्यांनी लावली. नवऱ्याची नोकरी केंद्र सरकारची, दर तीन-चार वर्षांनी नवं गाव. ऑर्डर हातात पडली की हे चार्ज देण्याच्या गडबडीत, आणि मी एक पिशवी घेऊन पुढे. नळाला पाणी किती वाजता येतं, मुलीची शाळा कशी आहे, शेजारी कोण, डॉक्टर किती लांब, सगळं बघून यायचं आणि मग सांगायचं, चला, राहण्यासारखं आहे. बदलीवाल्या बायका असंच करतात, त्यात मोठं काही नाही. त्यामुळे कोलकात्यात दारू सोडणाऱ्या माणसांचा एक गट सापडला तेव्हाही मी म्हटलं, आधी मी बघून येते.

म्हटलं म्हणजे स्वतःशीच. ह्यांना सांगायची सोय नव्हती.

कोलकात्याला आलो त्याला आता पंधरा वर्षं झाली. पुढे बदली झालीच नाही. राहायला गार्डन रीचच्या सरकारी क्वार्टरमध्ये. दारू आधीही होती, पण पाहुण्यासारखी यायची आणि जायची. इथे ती घरचीच झाली. आधी रविवारी, मग रोज संध्याकाळी, आणि मग दाढी करताना हात थरथरतो म्हणून सकाळी चहाच्या आधी. बाटली लपवायची जागा म्हणजे माळ्यावरचा जुना कुकर, आठ लिटरचा, माझ्या लग्नातला. त्यांना वाटायचं मला माहीत नाही. मुलगी हैदराबादला नोकरी करते, ती फोन सकाळीच करायची, कारण संध्याकाळी बाबांशी बोलणं तिला नको असायचं. ऑफिसला जाता आलं नाही की त्यांच्या साहेबांना फोन मी करायचे. ताप आहे. पोट बिघडलंय. पाठ धरलीय. एका माणसाला वर्षातून इतक्या वेळा ताप येत नाही, पण मी इतकी अजीजीने बोलायचे की साहेब उलट मलाच धीर द्यायचे.

जुलैमध्ये हे बाथरूममध्ये पडले. कपाळाला सात टाके. डॉक्टरांनी टाके घातले, पापण्या खाली ओढून डोळे पाहिले, रक्त तपासायला पाठवलं आणि चार दिवसांनी मला एकटीला आत बोलावलं. लिव्हरने पुष्कळ सोसलंय, म्हणाले. आत्ता थांबले तर अजून वेळ आहे, नाही थांबले तर फार दिवस नाहीत. आणि औषधाने हे होणार नाही. दारू आपल्या हाताबाहेर गेलीय, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हणायला हवं. बाकीचं सगळं त्याच्या पुढे.

घरी आल्यावर हे म्हणाले, "डॉक्टरांना भीती घालायचाच पगार मिळतो. मी काय गटारात पडलो होतो का? स्वतःच्या बाथरूममध्ये पडलो."

मी भांडले, रडले, दोन दिवस स्वयंपाक केला नाही. त्यांनी दोन्ही दिवस बाहेरून जेवण मागवलं, माझ्यासाठीही.

मग मी शोधाशोध सुरू केली. फोनवर पहिला पत्ता मिळाला तिथे आता शिवणकामाचं दुकान होतं. दुसऱ्या ठिकाणी फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, गाडी पाठवतो, चार माणसं येतील, उचलून नेतील, सहा महिने भेटायचं नाही. मी फोन ठेवला. शेवटी डॉक्टरांकडच्या नर्सने चिठ्ठीच्या पाठीमागे दोन पत्ते लिहून दिले. एक गार्डन रीचमध्येच, आमच्यापासून चालत दहा मिनिटं. दुसरा एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीत, दर शनिवारी चार वाजता. जवळचा मी तिथल्या तिथे खोडला. ऑफिसातलं कोणी भेटलं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीत काय उरलं होतं देव जाणे, पण ती झाकायची हौस माझी केवढी.

तर ऑगस्टमधल्या एका शनिवारी, मैत्रिणीकडे जाते असं सांगून, मी बसने एस्प्लनेडला गेले. गल्लीत चहाची टपरी, तिच्या शेजारी लाकडी जिना, जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर तीन भाषांत छापलेला कागद. वर एका जुन्या वाचनालयाची खोली. पंधरा-सोळा खुर्च्या, सगळे पुरुष. दाराशी साठीपुढचे एक गृहस्थ उभे होते, पांढरा शर्ट, खिशाला पेन. बजबजच्या ज्यूट मिलमध्ये सुपरवायझर होते आणि लोकलने येत, हे नंतर कळलं. सगळे त्यांना दादा म्हणत. त्यांनी हिंदीत विचारलं, "पहिल्यांदाच?" मी म्हटलं, हो. त्यांनी खिडकीजवळची खुर्ची दिली, हातात चहाचं मातीचं भांडं दिलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी बोलायचं तेच विसरले. नंतर समजलं, त्या खोलीत तीन वर्षांत बाई आलेली नव्हती.

सगळे बसल्यावर दादांनी सांगितलं, आजची मीटिंग बंद आहे. म्हणजे फक्त ज्यांना स्वतःला दारूचा त्रास आहे त्यांच्यासाठी. घरच्या माणसांची मीटिंग वेगळी, वेगळ्या दिवशी, वेगळ्या ठिकाणी.

त्याच वेळी उठायला हवं होतं. पण दीड तास बसमध्ये घालवून आले होते आणि अजून काहीच पाहिलं नव्हतं. आत काय करतात, ओरडतात का, देवाधर्माचं किती, ह्यांच्यासारख्या तापट माणसाचं इथे जमेल का. न बघता परत जाणं माझ्या स्वभावात नाही. एकेक जण आपलं नाव सांगत होता आणि पुढे एवढंच, मी दारुडा आहे. फिरत फिरत माझ्यापाशी आलं. मी नाव सांगितलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मीसुद्धा.

सगळे म्हणाले, स्वागत आहे, दीदी.

मग मला बोलायला सांगितलं. मी काय बोलणार? माझ्याकडे एकच गोष्ट होती, तीच सांगितली. कुकरातली बाटली, चहाच्या आधीचा घोट, थरथरणारा हात, बाथरूममधलं पडणं. फक्त ह्यांच्या जागी मी बसले. कुकरचं ऐकून समोरचा टॅक्सीवाला हसला आणि म्हणाला, मी तांदळाच्या डब्यात ठेवायचो. दुसरा म्हणाला, मी गाडीच्या स्टेपनीत. सगळे हसले, मीही हसले. अगं बाई, बारा वर्षं ज्या बाटलीपायी मी उशीत तोंड खुपसून रडले, तिच्यावर मी चारचौघांत बसून हसत होते.

परत येताना ठरवलं, बघून झालं. आता ह्यांना सांगायचं. सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा गेले.

का गेले, ते सांगते. दुसऱ्या शनिवारी एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ बोलले. माझी बायको फार चांगली, म्हणाले. मी पडलो की ती ऑफिसात फोन करायची, ताप आहे म्हणून. तिने ते केलं नसतं तर माझी नोकरी लवकर गेली असती आणि मी इथे चार वर्षं आधी आलो असतो. तिच्या चांगुलपणावर मी चार वर्षं प्यायलो. हे ते कौतुकाने बोलत होते, कुणाला दोष द्यायला नाही. मी स्वतःला सोसणारी समजत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारी. आणि इथे कळत होतं की बाटलीचं झाकण मीच घट्ट लावून ठेवत होते. त्या सोमवारी हे उठले नाहीत, मी फोन केला नाही. ऑफिसातून फोन आला तेव्हा मोबाईल ह्यांच्या उशाशी ठेवला आणि भाजी आणायला निघून गेले. परत आले तर हे मोबाईल हातात घेऊन माझ्याकडे बघत बसले होते.

चौथ्या शनिवारी दादा एका बाईला घेऊन आले. तिशीची असेल, हातात शंखाच्या बांगड्या, पदर सारखा तोंडावर. बजबजजवळ एका कँटीनमध्ये भाजी चिरायचं काम करायची. दादांनी तिला सहा महिने बोलावलं होतं, ती येत नव्हती. सगळे पुरुष, मी कशी येऊ, म्हणायची. मग दादांनी तिला सांगितलं, आता आमच्याकडे एक दीदी आहेत.

ती थेट येऊन माझ्या शेजारी बसली आणि माझा हात धरला. हात बर्फासारखा. बोलायची वेळ आली तेव्हा पदराआडून बंगालीत एवढंच बोलली की तिचा मुलगा सासूने ठेवून घेतलाय, दारू सुटली तर देईन म्हणते. पुढे तिला बोलवेना. माझा हात तिने शेवटपर्यंत सोडला नाही.

त्या दिवशी मी जिना उतरले ती स्वतःला शिव्या घालत. सांगायचं तर हीच वेळ होती, आणि आता सांगणं सगळ्यात अवघड झालं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची? पाचव्या शनिवारी दादांनी मला पुढे बोलावून एक छोटा पितळी बिल्ला दिला. एक महिना न प्यायल्याबद्दल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. छप्पन्न वर्षांत दारूचा वासही नकोसा वाटणारी बाई मी, एक महिना प्याले नाही म्हणून टाळ्या घेत उभी. सगळ्यात जास्त टाळ्या ती वाजवत होती. खाली आल्यावर म्हणाली, "दीदी, तुमचं जमलं तर माझंही जमेल. आणखी तीन शनिवार, मग माझा महिना भरतो. तेव्हा तुम्ही असाल ना?"

मी म्हटलं, असेन.

इकडे आमच्या मराठी मंडळात गणपतीची तयारी सुरू होती. मोदकांची उकड दरवर्षी माझ्याकडे. माझी उकड फाटत नाही, एवढाच काय तो माझा लौकिक. त्या वर्षी मी परात पुढे ओढली तर एक वहिनी म्हणाल्या, राहू द्या हो, यंदा आम्ही बघतो, तुम्ही आराम करा. दुसरी बोलायच्या निमित्ताने इतकी जवळ आली की मला वाटलं कानात काही सांगतेय. ती वास घेत होती.

झालं होतं असं. मंडळातल्या एक शिक्षिका, जन्म कोलकात्यातला, दोन पिढ्या इथल्याच, पूजेच्या खरेदीला एस्प्लनेडला आल्या होत्या. त्यांनी मला जिना चढताना पाहिलं आणि भिंतीवरचा कागद वाचला. पुढे सांगायला नकोच. मेलं, मला राग कशाचा आला सांगू? माझा नवरा याच मंडळात सात वर्षं तोंडात वेलची धरून आरती म्हणतोय, तबक हातात लटपटतंय, आणि सगळ्यांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलंय. कामाचा ताण असेल हो, म्हणायचे. आणि माझ्याकडून एका दिवसात परात काढून घेतली.

शिक्षिकाबाईंनी ह्यांना फोन करून वहिनींची काळजी घ्या असं सांगितलं. अगदी मनापासून सांगितलं असणार, बाई वाईट नाही.

दुपारी हे घरी आले, लालबुंद. "तू पितेस?"

मी कणीक मळत होते. नाही म्हणायला जीभ उचलली आणि का कोण जाणे, थांबले. इतकी वर्षं हाच प्रश्न मी ह्यांना विचारत आले होते. म्हटलं, "दर शनिवारी जाते. सोडायला."

मग त्यांनी घर शोधायला सुरुवात केली. माझी बाटली शोधायला. कपाट उपसलं, पिठाचे डबे हलवले, देवघराच्या खालचा खण उघडला. मग स्टूल घेऊन माळ्यावर चढले, कुकर काढला, झाकण उघडलं आणि आतली बाटली काढून माझ्यासमोर धरली. विजयी मुद्रेने. आणि मग त्यांचा चेहरा पडला.

"ही माझी आहे," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "तुमचीच."

स्टुलावर तसेच बसले, कुकर मांडीवर घेऊन. मी सांगू शकले असते, अहो, मी तुमच्यासाठी जाते. सांगितलं नाही. मला राग होता आणि त्या रागाला कधी नव्हे ते त्यांना काहीतरी सोसताना बघायचं होतं. हे मी लपवत नाही.

आठवा शनिवार आला. ती आधीच येऊन बसली होती. नवी साडी, केस नीट विंचरलेले, कारण त्या दिवशी तिला बिल्ला मिळणार होता. पहिल्यांदाच पदर तोंडावर नव्हता. मी बसले तशी तिने माझा हात धरला. दादांनी तिचं नाव घ्यायच्या आधी मला चार शब्द बोलायला सांगितलं, तिला हुरूप यावा म्हणून. मी उठले, आणि दारात हे उभे.

माझ्या मागोमाग दुसऱ्या बसने आले होते. मला ओढून घरी न्यायला आले होते, हे त्यांनीच पुढे सांगितलं. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर टाक्यांची खूण. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. पंधरा पुरुष, ती आणि उभी असलेली मी. कोणीतरी हळूच म्हणालं, दीदींचे मिस्टर आले वाटतं. आणि बँकेतल्या त्या गृहस्थांनी, चांगल्या मनानेच, ह्यांना हिंदीत सांगितलं, "घाबरू नका. तुमच्या पत्नी फार धीराच्या आहेत. दोन महिने झाले, प्यायल्या नाहीत."

ह्यांचं तोंड कसनुसं झालं. मला वाटलं आता ओरडतील. पण आवाज आला तो अगदी बारीक.

"ती पीत नाही," हे म्हणाले. "तिने आयुष्यात कधी घेतली नाही. पितो तो मी. मला सुटत नाही."

जे ऐकायला मी बारा वर्षं देव पाण्यात घालून बसले होते, ते असं आलं. आनंद म्हणतात तो तोच असावा, पण तो मला धड घेताही आला नाही, कारण त्याच क्षणी माझ्या हातातला हात निघून गेला.

दादांनी आधी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत, पण त्या दिवशी ते मला फार म्हातारे वाटले. मग त्यांनी एक खुर्ची पुढे सरकवली आणि ह्यांना म्हणाले, बसा. आणि मला म्हणाले, "बौदी, तुम्हाला बाहेर जावं लागेल. मीटिंग बंद आहे." वहिनी या अर्थाचा तो शब्द. दोन महिने मी दीदी होते.

मी पर्स उचलली. पण माझ्या आधी ती उठली होती. जिन्यात तिला गाठलं, दंड धरला, माझ्या मोडक्या बंगालीत सांगत सुटले, माझं ऐक, आज तुझा महिना आहे, वर जा, मी चुकले, तू तर खरी आहेस ना. तिने शांतपणे माझा हात सोडवला.

"म्हणजे मी एकटीच होते," ती म्हणाली. आणि गेली.

हे सगळं होऊन आता दीड वर्ष झालं. हे मधे दोनदा घसरले, एकदा तर अगदी वाईट. पण परत गेले. गेले सात महिने कुकरात फक्त डाळ शिजते. डॉक्टरांचा चेहरा रिपोर्ट बघताना बदलतो तो मी चोरून बघते. मंडळात उकड मला परत मिळाली, मी घेतली नाही. मुलगी कधीकधी संध्याकाळी फोन करते. लोक म्हणतात, वहिनी, तुम्ही नवरा वाचवलात.

दादांबरोबर मी दोनदा बजबजला जाऊन आले. कँटीनमधलं काम तिने सोडलं होतं. भाड्याच्या खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, माहेरी गेली असेल. मुलगा मिळाला का विचारलं तर तिला माहीत नव्हतं. सासूचं घर दादांनाही ठाऊक नाही.

घरच्यांच्या मीटिंगला मी जाते, बुधवारी, तिथे खरं बोलते. पण शनिवारी ह्यांच्याबरोबर एस्प्लनेडलाही येते. मला वर जाता येत नाही, म्हणून खाली टपरीच्या बाकावर बसते, जिना दिसेल अशी. चहावाले म्हातारेबाबा न विचारता भांडं हातात देतात. तिचा बिल्ला दादांनी माझ्याकडे देऊन ठेवलाय. तो आणि माझा खोटा, दोन्ही पर्सच्या एकाच कप्प्यात आहेत. साडेपाचला हे जिना उतरतात आणि पहिलं तेच विचारतात, "आली होती का?"

"नाही," मी सांगते, आणि आम्ही बस धरतो.

परवा हे म्हणाले, अगं, आता नाही यायची ती, उन्हातान्हात कशाला बसतेस. मी म्हटलं, तिने विचारलं होतं, तेव्हा तुम्ही असाल ना. मी असेन म्हणाले होते.